जेड दगडाची ख्याती: इतिहास काय सांगतो आणि आपल्याकडे काय विकले जाते

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या बाजारगावांतही जेड नावाच्या दगडाचा बोलबाला वाढला आहे. कुठे तापवलेल्या जेडच्या पलंगावर फुकट झोपवणारे केंद्र निघते, कुठे यात्रेत जेडची ब्रेसलेट मिळतात, तर कुठे पाचू परवडत नाही म्हणून बुधासाठी मरगज, म्हणजे जेडच, बोटात घालायला सांगितले जाते. हे विकणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, ते असे की चीनमध्ये हजारो वर्षांपासून या दगडाने रोग बरे होत आले आहेत. या वाक्यातला इतिहासाचा भाग किती खरा आहे आणि गुणाची ख्याती नेमकी कुठून आली, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, वैद्यक हा माझा विषय नाही. त्यामुळे त्या बाजूने जाणकारांनी अवश्य लिहावे.

सर्वप्रथम हे सांगितले पाहिजे की जेड या एकाच नावाखाली दोन वेगवेगळे दगड येतात. चीनमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोरला गेला तो नेफ्राइट, आणि म्यानमारच्या उत्तरेकडील काचीन प्रांतात व ग्वाटेमालाच्या मोटाग्वा खोऱ्यात सापडतो तो जेडाइट. दोन्हींची रासायनिक घडण वेगळी आहे, हे फ्रेंच खनिजतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिले. ‘हजारो वर्षांचा चिनी जेड’ म्हणून जो पाचूसारखा गर्द हिरवा तुकडा जाहिरातीत झळकतो तो जातीचा जेडाइट असतो, आणि म्यानमारचा हा माल चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पोचू लागला तो अठराव्या शतकात. त्याआधीचा नामांकित चिनी जेड म्हणजे खोतानच्या नद्यांच्या पात्रांतून वेचून आणलेला नेफ्राइट होय, आणि चिनी रसिकांनी त्यातही सर्वांत वरचा मान दिला तो स्निग्ध पांढऱ्या जातीला.

चीनमधील आदर मात्र शंभर टक्के खरा आणि फार जुना आहे. इ.स.पू. ३३०० ते २३०० या काळातील लियांगझू संस्कृतीच्या थडग्यांत मधोमध भोक असलेल्या जेडच्या चकत्या आणि आतून गोल, बाहेरून चौकोनी अशा नळ्या मोठ्या संख्येने सापडल्या. धातूची हत्यारे हाताशी नसताना हे काम झाले. त्या काळातील कारागीर दगड कापत नसत. ओल्या कठीण वाळूने तो दिवसेंदिवस घासत, आणि त्यातूनही कडा सुबक व कोरीव रेषा केसाइतक्या बारीक काढत. पुढे शांग राजवंशातील फू हाओ या राणीची कबर १९७६ मध्ये आन्यांग येथे उघडली गेली, तेव्हा तीत जेडच्या ७५५ वस्तू निघाल्या. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ‘लीजी’ या ग्रंथात सज्जन माणसाच्या गुणांची तुलना जेडशी केली आहे: त्याची सौम्य झळाळी म्हणजे दया, त्याचा घट्टपणा म्हणजे बुद्धी, त्याला धार असूनही तो कापत नाही म्हणून तो न्यायी. एवढा मान ज्या वस्तूला मिळतो, तिच्याकडून माणूस हळूहळू आरोग्याचीही अपेक्षा करू लागतो, आणि जेडच्या बाबतीत हेच घडले असे माझे मत आहे.

आता गुणाची ख्याती पाहू. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत गेले, तेव्हा तिथले मूळ रहिवासी हिरवे दगड सोन्याहून मोलाचे मानतात हे त्यांनी पाहिले. ते दगड कमरेपाशी बांधले तर कळ थांबते आणि मूतखडा पडतो, अशी समजूत स्पॅनिशांनी तिकडून उचलली. सेव्हिल येथील वैद्य निकोलस मोनार्देस यांनी नव्या जगातील औषधांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा दगड आहे. स्पॅनिश भाषेत त्याला कुशीचा दगड म्हणत, त्याचेच लॅटिन रूप मूत्रपिंडाचा दगड असे झाले, आणि ‘जेड’ व ‘नेफ्राइट’ ही दोन्ही नावे तिथून आली. म्हणजे आज शास्त्रीय म्हणून वापरले जाणारे नावसुद्धा मूळचे एका उपचाराचे नाव आहे.

युरोपात अशा रीतीने जेड मूत्रपिंडाचा झाला. मध्य आशियात आणि इराणकडे त्याच्या कितीतरी आधीपासून तो पोटाचा आणि विजयाचा मानला जात होता. तुर्क लोक लढाईत जय मिळावा म्हणून तलवारीला आणि पट्ट्याला हा दगड लावतात, असे अल्बेरुनीने अकराव्या शतकात लिहून ठेवले आहे. पोटाचे नाते त्याहून जुने असून ते मुळात जेडचे नाहीच. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने हिरव्या जास्परची माळ पोटाच्या मुखापर्यंत पोचेल अशी गळ्यात घालण्याविषयी लिहिले होते. पुढे अरबी-फारसी ग्रंथांत जास्पर आणि जेड यांची नावे एकमेकांत मिसळली आणि एका दगडाचा गुण दुसऱ्याच्या नावावर चढला. हिंदुस्थानात मुघलांकडे आल्यावर तो हृदयाचा झाला. मध्य अमेरिकेतील माया लोकांकडे तो पाण्याचा, मक्याच्या कोंबाचा आणि श्वासाचा होता. ते मृताच्या तोंडात जेडचा मणी ठेवत. पालेंके येथील पाकाल राजा इ.स. ६८३ मध्ये वारला, आणि १९५२ मध्ये त्याची कबर सापडली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की या दगडात रोग बरा करण्याचा अंगचा गुण असता, तर समुद्रांनी वेगळ्या केलेल्या या लोकांना तो एकाच अवयवाच्या बाबतीत सापडला असता. सिंकोना झाडाच्या सालीने हिवताप उतरतो, तो कुणाच्याही अंगात उतरतो. जेड मात्र एकीकडे मूत्रपिंडाचा, दुसरीकडे पोटाचा, तिसरीकडे काळजाचा आणि चौथीकडे मरणानंतरच्या प्रवासाचा. ज्या समाजाला ज्या दुखण्याची किंवा ज्या भयाची धास्ती, तिथे त्याने हा मानाचा दगड नेऊन ठेवला.

माती_आणि_दगड

गुरुजी, मांडणी आवडली. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो, म्हणून दगडाच्या बाजूने थोडी भर घालतो.

एक ते दहाच्या मोस मापावर नेफ्राइटची कठीणता साडेसहाच्या आसपास असते, म्हणजे आपल्या शेतातल्या गारगोटीपेक्षा किंचित कमीच. तरीही हातोड्याच्या घावाने गारगोटी फुटते आणि नेफ्राइट फुटत नाही, कारण त्याच्या आत सूक्ष्म तंतू अंबाडीच्या पिळदार दोरासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. ज्या काळात लोखंड नव्हते त्या काळात न फुटणारी कुऱ्हाड करता येईल असा दगड सापडणे ही केवढी मोठी गोष्ट असेल, याचा विचार करावा. आल्प्स पर्वतातील मोंते विसो येथील जेडाइटच्या कुऱ्हाडी नवाश्मयुगात थेट ब्रिटनपर्यंत गेलेल्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येक इतक्या तुकतुकीत घासलेल्या आहेत की त्यांनी लाकूड तोडले असेल असे वाटत नाही. या दगडाचा मान मुळात त्याच्या चिवटपणातून आला असावा, असे मला वाटते.

आपल्याकडचे बोलायचे तर विदर्भात जेडची खाण नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलढाणा हा भाग बहुतांशी काळ्या बेसाल्टचा आहे. त्याच्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडनी आणि सेलॅडोनाइट नावाचे निळसर हिरवे खनिज तयार होते. वखरणी करताना हिरवी छटा असलेला गुळगुळीत गोटा वर येतो तो याच कुळातला असतो. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी असा गोटा रुमालात बांधून आणतो आणि हा जेड आहे का असे विचारतो. मी त्याला सांगतो की हा जेड नसला तरी त्याची किंमत कमी समजू नये, कारण याच कुळातील दगडांनी आपल्या भागाला एके काळी नाव मिळवून दिले होते. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे प्राचीन काळी मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते. तेथे महापाषाणयुगीन शिलावर्तुळेही आहेत, आणि अकीक, लाल कार्नेलियन, जास्पर, स्फटिक यांचे मणी तेथे इतक्या कौशल्याने भोके पाडून घडवले जात की आजचा यंत्रावर काम करणारा कारागीरही ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहील.

बाजारात जेड म्हणून जे विकले जाते त्याविषयी दोन शब्द लिहितो. ‘इंडियन जेड’ म्हणजे अ‍ॅव्हेंचुरिन, तो गारगोटीचाच प्रकार आहे. ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन, जो इतका मऊ असतो की बहुतेक वेळा पोलादी सुरीचा चरा त्यावर उठतो. ‘मलेशियन जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झ. नेफ्राइट पाण्याच्या सुमारे तीनपट जड असतो आणि जेडाइट सव्वातीनपटीहून थोडा अधिक, तर काच व सर्पेंटाइन साधारण अडीचपटीच्या आसपास राहतात. म्हणून हवेत आणि पाण्यात बुडवून वजन करण्याची साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते.

सातपुडा

गुरुजी, आपण लिहिले ते पटते, पण माझी अडचण वेगळी आहे. माझे वडील पासष्टी ओलांडलेले असून त्यांची कंबर आणि गुडघे दुखतात. आमच्या तालुक्याच्या गावी असे पलंगाचे केंद्र आहे आणि ते तिथे नियमाने जातात. त्यांचे शब्द असे आहेत: “त्या गोट्याच्या पलंगावर निजलो का कंबर मोकयी होते गा.” माझे वडील खोटे बोलणारे नाहीत. आता केंद्रवाल्यांनी तो पलंग घरी घ्यावा म्हणून आग्रह धरला आहे, किंमत लाखाच्या वर आहे, हप्त्यांची सोय आहे, आणि सोबत साखर व रक्तदाबाच्या गोळ्या हळूहळू सुटतील असे सांगितले आहे. कापूस विकून हातात आलेले पैसे त्यात घालावेत का, हा प्रश्न घरात रोज निघतो. दगडात गुण नसेल तर वडिलांना बरे का वाटते?

उमरीची लेक

भाऊ, आपल्या वडिलांना बरे वाटते ते अगदी खरे आहे, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि माझ्या सासूबाई अशाच एका केंद्रात जात असत, म्हणून मी स्वतः तिथे जाऊन बसले आहे.

तिथे भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा असतात, प्रत्येकाच्या हातात क्रमांकाचे कार्ड असते, पलंगावर नंबर लागेपर्यंत तास-दीड तास जातो. त्या वेळात एक मुलगा माईक घेऊन उभा राहतो आणि एकेका म्हाताऱ्या माणसाला उठवून तुम्हाला काय फरक पडला ते सांगायला लावतो. प्रत्येक अनुभवानंतर टाळ्या होतात. तो मुलगा सगळ्यांना आई-बाबा म्हणतो, कुणाचे गुडघे कसे आहेत हे नावानिशी विचारतो. माझ्या सासूबाईंना घरात दिवसभर बोलायला कुणी नसायचे, तिथे मात्र त्यांच्या वयाच्या आठ-दहा बाया भेटायच्या. मग पलंगावर पाठीखालून गरम गोटे कमरेपासून मानेपर्यंत सरकत जातात. ज्या बाईने आयुष्यभर निंदण-खुरपण केले, वाकून कापूस वेचला, तिच्या पाठीला एवढी सलग ऊब आणि एवढा वेळ स्वस्थ पडून राहणे आधी कधी मिळालेच नव्हते. तिला आराम वाटणारच.

पण तो आराम उबेचा, दाबाचा, विश्रांतीचा आणि माणसांचा आहे. शेकल्याने आखडलेले स्नायू सैल होतात, ही गोष्ट आमच्या आज्यांना माहीत होती, आणि आजही फिजिओथेरपीत शेक देतात. रबरी पिशवीत गरम पाणी भरा किंवा वीट तापवून फडक्यात गुंडाळा, स्नायूला त्यातला फरक कळत नाही. जेडमधून खास इन्फ्रारेड किरण निघतात असे तिथे सांगितले जाते. तर प्रत्येक तापलेली वस्तू इन्फ्रारेड किरण बाहेर टाकते, तव्यापासून आपल्या स्वतःच्या शरीरापर्यंत.

मला जी भीती वाटते ती गोळ्यांची आहे. पलंग सुरू झाला म्हणून साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केलेले रुग्ण आमच्याकडे येतात, आणि तोपर्यंत नुकसान झालेले असते. ज्यांची साखर पुष्कळ वर्षांची आहे त्यांच्या पायांची आणि त्वचेची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे गरम दगडाने भाजले तरी त्यांना वेळेवर कळत नाही. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांची हाडे ठणकतात. तशा मुलाला दवाखान्याऐवजी पलंगावर नेणे म्हणजे हातातली वेळ घालवणे आहे. कुणाही रुग्णाच्या सुखाच्या आड मी येणार नाही, पण गोळी थांबवा असे जो सांगतो तो दगड विकत असो की आणखी काही, त्याचे ऐकू नका.

पवनारवासी

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि छोट्या गावात दवाखाना चालवतो. या दगडाचा आपल्याकडच्या औषधांत वापर नाही असा समज वाचणाऱ्यांचा होऊ नये, म्हणून लिहितो.

युनानी वैद्यकात संगेयशब नावाने हा दगड येतो आणि तो मुख्यतः काळजासाठी सांगितलेला आहे. ‘खमीरा अबरेशम हकीम अर्शदवाला’ या प्रसिद्ध पाकात तो अंबर, मोती, माणिक यांच्यासोबत घातला जातो. आधुनिक काळातील रसशास्त्राच्या पुस्तकांत त्याची ओळख व्योमाश्म या नावाशी लावतात, आणि गुलाबजलात खलून केलेली त्याची पिष्टी छातीत धडधडणे, जीव घाबरा होणे अशा तक्रारींत वापरली जाते. ही परंपरा मी आदराने पाहतो. मात्र या परंपरेतही वैद्याने नाडी पाहून, रुग्णाचे वय आणि बळ पाहून, इतर द्रव्यांच्या सोबतीने आणि ठरावीक मात्रेत हे द्यायचे असते. जेडच्या गादीवर झोपा आणि साखर विसरा, असे कुठल्याही संहितेत लिहिलेले नाही. आपले दुकान चालावे म्हणून ‘प्राचीन आयुर्वेदात सांगितले आहे’ असे जे लोक छातीठोकपणे बोलतात, त्यांनी परंपरेचे नाव वापरले आहे, परंपरा वाचलेली नाही.

आणखी एक सूचना. छातीत धडधड होणे हे पंडुरोगाचे, थायरॉइडचे किंवा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडाचे लक्षण असू शकते. आपल्या भागातील बायांमध्ये रक्ताचे प्रमाण कमी असते, हे मी रोज पाहतो. अशा बाईच्या गळ्यात हिरवा दगड बांधण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

पवनारवासी यांच्या प्रतिसादामुळे मुघलांविषयी विस्ताराने लिहिण्याची संधी मिळाली, कारण जेडची आपल्या देशातील खरी कहाणी तिथेच आहे.

मुघल हे तैमूरचे वंशज होते, आणि समरकंद येथे तैमूरच्या कबरीवरचा दगड गर्द हिरव्या नेफ्राइटचा आहे. म्हणजे ही आवड त्यांच्या घराण्यातच होती. जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळात खोतानकडचा नेफ्राइट इथे येत असे आणि इथले कारागीर त्यातून खंजिरांच्या मुठी, पेले, डब्या घडवत. शाहजहानचा १६५७ सालचा पांढरा पेला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याचा आकार दुधीभोपळ्याच्या अर्ध्या फोडीचा, तळाशी कमळाच्या पाकळ्या, आणि निमुळता होत गेलेला देठाकडचा भाग वळून शेवटी बोकडाचे मस्तक होतो. दगड इतका पातळ केलेला आहे की उजेड त्यातून आरपार येतो. चीनच्या चिएनलुंग सम्राटाला हिंदुस्थानी कारागिरांचे हे काम इतके आवडले की त्याने ते हौसेने जमवले आणि त्याच्यावर कविता केल्या. जेडच्या बाबतीत चीनच्या सम्राटाने आपल्याकडच्या कारागिराची वाखाणणी करावी, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यायला हवी असे मला मनापासून वाटते.

याच काळात हौलदिली नावाची पदके होती. जेडच्या पातळ चकतीवर कुराणातील वचने कोरून ती काळजाशी टेकेल अशी गळ्यात घालत, म्हणजे काळजाची धडधड आणि धास्ती शांत होते अशी श्रद्धा होती. जेडच्या भांड्यात विष घातले तर भांडे तडकते, हीसुद्धा दरबारातली समजूत होती, आणि ज्या घराण्यात भाऊ भावाच्या जिवावर उठत असे तिथे ती का रुजली हे वेगळे सांगायला नको.

रानवाटा

गुरुजी, एक शंका विचारतो, राग मानू नये. आपल्या पूर्वजांनी आणि चिनी लोकांनी हजारो वर्षे एखादी गोष्ट पाळली, तर त्यामागे अनुभव असणारच. आज प्रयोगशाळेत सिद्ध झाले नाही म्हणून इतक्या लोकांचा अनुभव मोडीत काढणे योग्य आहे का?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

राग कशाचा, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. त्याचे उत्तर चीनच्याच इतिहासात आहे.

चौथ्या शतकातील गे हुंग या ताओवादी लेखकाने शरीराच्या नऊ द्वारांत सोने आणि जेड ठेवले तर प्रेत कुजत नाही, असे लिहिले आहे. जेडची भुकटी खाऊन दीर्घायुष्य मिळते हेही त्याच परंपरेत येते. ही श्रद्धा त्याच्याही आधीची होती. हान राजवंशातील लिऊ शेंग हा राजपुत्र इ.स.पू. ११३ मध्ये वारला, तेव्हा त्याला डोक्यापासून पायापर्यंत जेडच्या २,४९८ तुकड्यांचा पोशाख चढवला गेला, आणि ते तुकडे सुमारे १,१०० ग्रॅम सोन्याच्या तारेने शिवलेले होते. १९६८ मध्ये मानचेंग येथे ती कबर उघडली तेव्हा पोशाख होता, देह मातीत मिसळून गेला होता. ही प्रथा तिसऱ्या शतकात वेई राज्याच्या पहिल्या सम्राटाने बंद केली, कारण सोने आणि जेड यांच्या लोभाने चोर कबरी फोडत आणि प्रेतांची विटंबना होत असे. म्हणजे शेकडो वर्षे, सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत विद्वान लोकांनी जी गोष्ट पाळली तिचा अपेक्षित परिणाम कधीच मिळाला नव्हता, आणि तरीही ती चालत राहिली. बंद कबरीत काय झाले ते कुणी पाहत नव्हते. अनुभव मोजायचा असेल तर अपयशही मोजावे लागते. ज्याला गुण आला तो माईकवर बोलतो, ज्याला आला नाही तो घरी बसतो आणि त्याचे नाव कुणी घेत नाही.

चीनमध्ये १५९६ साली छापल्या गेलेल्या ली शिझेन याच्या औषधी ग्रंथातही जेड आहे, म्हणून परंपरा खोटी असे मी म्हणणार नाही. त्याच ग्रंथात पारंपरिक वैद्यकाला आजही उपयोगी पडणाऱ्या वनस्पती आहेत आणि आज कुणी वापरू नयेत अशी द्रव्येही आहेत. त्यातले काय टिकले ते पारखून घेतले जाते, आणि पारख ही परंपरेची शत्रू नव्हे.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्यांच्याकडे पोनामू म्हणजे हिरवा दगड हा घराण्याची ठेव आहे. हे-टिकी नावाचे पदक आजीकडून नातीकडे जाते, अंत्यविधीला ते बाहेर काढतात, आणि जितक्या पिढ्यांच्या अंगाला ते लागले तितके त्याचे मोल वाढते. १९९७ मध्ये तेथील संसदेने कायदा करून दक्षिण बेटावरील नाय ताहू जमातीच्या प्रदेशातला पोनामू त्या जमातीच्या मालकीचा केला. हा मान टिकण्यासाठी त्यांना पोनामूच्या नावाने मधुमेहाचा दावा करावा लागला नाही.

आणि ज्याला अजूनही हा दगड निव्वळ मंगल वाटतो त्याने म्यानमारमधील फाकांत येथील खाणींविषयी वाचावे. २ जुलै २०२० रोजी तिथे मातीचा ढिगारा कोसळून १७० हून अधिक माणसे गाडली गेली. त्यांत बहुतेक जण खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यांत उरलेसुरले तुकडे वेचणारे गरीब स्थलांतरित मजूर होते. आपल्याकडून पोटासाठी परगावी जाणाऱ्या मजुरांसारखीच ती माणसे होती.

माती_आणि_दगड

गुरुजींनी मधुमेहाच्या दाव्याचा उल्लेख केला, त्याला जोडून कायद्याची बाजू सांगतो, कारण सातपुडा यांना ती उपयोगी पडेल. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, लकवा, मूतखडा अशा अनेक आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो, आणि त्यातील जादुई उपचाराच्या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच यांच्यासारख्या वस्तू स्पष्टपणे येतात. अमेरिकेत २०१८ मध्ये जेडच्या अंड्यांविषयी, म्हणजे अंड्याच्या आकाराच्या खड्यांविषयी, आणि इतर काही वस्तूंविषयी निराधार आरोग्यदावे केल्याबद्दल एका नामवंत कंपनीला १,४५,००० डॉलर भरावे लागले. म्हणून पलंगवाल्याने जे तोंडी सांगितले ते पावतीवर लिहून मागा. साखरेच्या गोळ्या सुटतील असे वाक्य सही-शिक्क्यानिशी कोणीही लिहून देणार नाही.

सातपुडा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी वडिलांना ही चर्चा मोठ्याने वाचून दाखवली. लिऊ शेंगच्या पोशाखाचे त्यांनी दोनदा विचारले. केंद्रात जाणे ते सोडणार नाहीत, तिथे त्यांचे दोन जुने सोबती येतात, आणि मीही आता त्याला हरकत घेणार नाही. पलंग मात्र घेणार नाही असे त्यांनीच सांगितले. ताई, गोळ्या चालू आहेत. आणखी एक विचारायचे राहिले. आमच्या गावात कंबर आणि मान आखडलेली माणसे आजूबाजूच्या गावांपेक्षा जास्त दिसतात, काही तरुणही आहेत. हे शेतीच्या कामामुळे असेल का?

उमरीची लेक

भाऊ, आपले गाव यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या बाजूचे असेल तर आधी पाणी तपासा. त्या जिल्ह्यांतील कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि पुढे कणा, मान, गुडघे आखडतात. ते दुखणे शेकल्याने तात्पुरते हलके होते, पण पाणी बदलल्याशिवाय थांबत नाही. शाळेतल्या मुलांचे दात एकदा उजेडात नीट पाहून घ्या. ज्या हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी सगळे पितात त्याचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, बाटलीवर जागा आणि तारीख लिहा, आणि ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. उघड्या विहिरीचे पाणी असेल तर त्याचा नमुना वेगळा द्या, कारण एकाच गावात विहिरीचे पाणी चांगले आणि बोअरचे वाईट असे पुष्कळदा निघते. अहवाल आला की इथे कळवा, पुढे कुणाकडे अर्ज करायचा ते मी सांगते.